सॅक पाठीवर टाकून युरोप फिरण्याआधी

भाऊ, जळगाव-धुळ्याहून जर्मनीत शिकायला गेलास आणि सुट्टीत महिनाभर भटकायचं ठरवलंस, तर आधी कागद बघ. तिथलं रहिवासी कार्ड असलं की बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. विमान स्वस्त दिसलं म्हणून तिकीट काढशील नि पैसे पाण्यात.

रेल्वे पासात हमखास घोळ होतो. युरोपात राहणाऱ्यांना इंटररेल, बाहेरून येणाऱ्यांना युरेल. पासपोर्ट भारतीय असला तरी तू तिथला रहिवासी, म्हणजे इंटररेल. पण जर्मनीत त्यावर देशाबाहेर जाणारा एक आणि परतीचा एक, एवढेच प्रवास चालतात. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान रेल्वेला पास असूनही सीटचं आरक्षण वेगळं, तेही पासवाल्यांसाठी मोजकंच, लवकर कर.

सॅक 40 लिटरची पुरे. मोठी घेतली की भरतेच! जड सामान पाठीलगत मधोमध, रेनकोट सगळ्यात वर. आधी कमरेचा पट्टा आवळ, मग खांद्याचे. नाहीतर सगळा भार खांद्यांवर येतो. सुती कपडे कमी ने. आपल्याकडे उन्हात तासाभरात वाळतात, तिथे थंडीत रात्रभर ओलेच.

खायला शेंगदाण्याची कोरडी चटणी ने. विमानात हातातल्या बॅगेत लोणचं 100 मिलीच्या नियमात अडकतं. घरून येताना तूप-पेढे नकोच, युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे.

एटीएमने ‘रुपयांत कापू का’ विचारलं तर नाही म्हण, तिथल्याच चलनात काढ. रुपयांचा दर महाग लावतात.