वाहनांच्या धुराचे नियम कडक केल्याने गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचं आणि पर्यावरणाचं नेमकं काय होतं?

तुम्ही विचारलंय की दर काही वर्षांनी धुराचे नियम कडक होतात, कंपन्या दरवेळी ‘हे परवडणार नाही’ म्हणतात आणि गाड्या महाग होतात. मग हवा खरंच सुधारते का, की नुसता खर्च ग्राहकाच्या माथी बसतो?

हवा सुधारते, आणि खर्चही बसतो. पण हवा किती सुधारेल आणि खर्च कोणाला झेपणार नाही, हे नियम किती कडक आहे यापेक्षा तो काय मोजतो आणि कुठे मोजतो यावर जास्त अवलंबून असतं. मी बरीच वर्षं इंजिन कॅलिब्रेशनचं काम करतोय. म्हणजे इंजिनात इंधन किती, कधी आणि किती दाबाने सोडायचं, याचे आकडे गाडीच्या संगणकात भरायचे आणि मग मागच्या नळीतून काय बाहेर येतं ते बघायचं. या कामात मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली आहे: जे मोजलं जातं ते झपाट्याने कमी होतं. जे मोजलं जात नाही त्याच्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

एक जुनं उदाहरण घेतो. लॉस एंजेलिसवर साचणारं पिवळट धुकं कारखान्यांमुळे आहे, असा लोकांचा समज होता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गाड्यांमधून निघणारं न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स (कामावर आम्ही सरसकट ‘नॉक्स’ म्हणतो) यांच्यावर ऊन पडलं की त्यातून ते धुकं तयार होतं. पुढे 1970 मध्ये अमेरिकेने कायदा केला की पाच-सहा वर्षांत गाड्यांमधली ही प्रदूषकं 90 टक्क्यांनी कमी झाली पाहिजेत. तेव्हा हे साधेल असं तंत्र कुठल्याही मोठ्या कंपनीकडे तयार नव्हतं. उत्पादन बंद पडेल, असे इशारे दिले गेले. मुदती पुढे ढकलल्याही गेल्या. तरी 1975 च्या मॉडेलपासून तिथल्या बहुतेक नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातल्या विषारी वायूंचं रासायनिक क्रियेने कमी घातक वायूंत रूपांतर करणारा नळीतला डबा) लागला. होंडाने तर कन्व्हर्टर न लावता, फक्त ज्वलनाची पद्धत बदललेल्या आपल्या सीव्हीसीसी इंजिनाने ती मर्यादा पाळून दाखवली. हे लहान इंजिनालाच जमेल, असं म्हणणाऱ्यांसाठी त्यांनी एका शेव्हरोले इम्पालाच्या मोठ्या व्ही-8 इंजिनावर तेच तंत्र बसवलं. त्यामुळे ‘अशक्य आहे’ हे वाक्य ऐकलं की मला पहिला प्रश्न पडतो तो असा, की अशक्य आहे की अजून कोणी त्यासाठी पैसे बाजूला काढलेले नाहीत?

या कायद्याचा एक मोठा फायदा जवळजवळ आनुषंगिक होता. पेट्रोलमधलं शिसं कन्व्हर्टरच्या आतल्या धातूवर थर धरतं आणि तो निकामी करतं. म्हणून शिसं नसलेलं पेट्रोल पंपांवर आणावं लागलं. 1976 ते 1980 या काळात अमेरिकी लोकांच्या रक्तातलं शिसं सरासरी 37 टक्क्यांनी घटलं, आणि त्यामागचं एक मोठं कारण पेट्रोल होतं. मुलांच्या मेंदूवर शिशाचा काय परिणाम होतो हे ज्याला माहीत आहे, त्याला कन्व्हर्टरची किंमत जड वाटणार नाही. गाड्यांसाठीचं शिसंयुक्त पेट्रोल जगातून पूर्ण जायला मात्र 2021 उजाडलं. अल्जीरिया हा ते थांबवणारा शेवटचा देश.

आता प्रयोगशाळेत चाचणी कशी होते ते सांगतो, म्हणजे पुढचा घोटाळा कळेल. गाडी आदल्या दिवशीपासून साधारण 23 अंशांच्या खोलीत उभी असते. सकाळी ती ढकलत आणून रोलरवर बांधतात, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरतात. ढकलतच आणावी लागते, कारण इंजिन एकदा सुरू केलं की थंड स्टार्टची चाचणी वाया गेली. मग किल्ली फिरते आणि पडद्यावर हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या इंधनाची, रेघ सरळ उभी चढते. कन्व्हर्टर थंड असतो. तो 250-300 अंशांपर्यंत तापेस्तोवर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. मग तो कामाला लागतो आणि ती रेघ खाली येऊन आडवी पडते, ती शेवटपर्यंत तशीच. पेट्रोल गाडीच्या अख्ख्या चाचणीतल्या प्रदूषणाचा फार मोठा वाटा त्या पहिल्या मिनिट-दीड मिनिटात बाहेर पडलेला असतो. आमचे महिनेच्या महिने त्या एका मिनिटावर जातात. नव्या गाडीचा धूर नाकाला जाणवत नाही, तो त्यामुळेच.

पण ही परीक्षा पाठ करता येते. युरोपातली जुनी चाचणी सुमारे 20 मिनिटांची आणि 11 किलोमीटरची होती. वेग कधी किती वाढणार, कधी थांबायचं, सगळं आधीच ठरलेलं. तिथल्या धुराच्या नियमांच्या पायऱ्यांना युरो 1, युरो 2 अशी नावं आहेत. डिझेल गाड्यांसाठी नॉक्सची मर्यादा युरो 3 मध्ये किलोमीटरला 500 मिलिग्रॅम होती, ती युरो 6 पर्यंत 80 वर आली. कागदावर चौऱ्याऐंशी टक्के घट. रस्त्यावर मात्र त्याच्या आसपासही नाही. फोक्सवॅगनने तर स्टीअरिंगची स्थिती, वेग, हवेचा दाब यांवरून चाचणी चालू आहे की नाही हे ओळखणारं सॉफ्टवेअरच गाडीत घातलं होतं. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ते उघड केलं, तेव्हा रस्त्यावरचं नॉक्स मर्यादेच्या 40 पटींपर्यंत असल्याचं त्यांनी नोंदवलं. जगभरात सुमारे 1.1 कोटी गाड्या, आणि दंड-भरपाई-दुरुस्ती मिळून कंपनीला 30 अब्ज युरोंहून जास्त फटका. या प्रकरणाचं मला आजही वाईट वाटतं. ते आकडे भरणारी माणसं माझ्याच पेशातली होती.

त्यानंतर नियमात जो बदल झाला, तो माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा: 2017 पासून युरोपात गाडी प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या रस्त्यावरही तपासायला लागले. गाडीच्या मागे सुटकेसपेक्षा मोठी पेटी लटकवतात, नळीला पाइप जोडतात आणि नेहमीच्या रहदारीत निघतात. अशा एका फेरीत मी मागच्या सीटवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. सपाट रस्त्यावर सगळं ठीक होतं. घाट सुरू झाला आणि नॉक्सचा आकडा असा चढला की मला वाटलं सेन्सरच बिघडला. सेन्सर धडधाकट होता. चढावर धूर एकदम वाढत होता आणि आम्ही सोडत असलेला युरिया त्याला पुरत नव्हता. (नव्या डिझेल गाड्यांत युरियाचं द्रावण धुरात फवारतात, त्यातून नॉक्सचं साधा नायट्रोजन आणि पाणी होतं.) शेवटी फवारणीचा हिशेब नव्याने मांडला, युरियाची टाकी मोठी केली आणि तिच्यासाठी स्टेपनीची जागा गेली. हा खर्च कंपनीला खुपला. पण त्या गाडीने त्या घाटात सोडलेली हवा खरोखर बदलली, आणि हे मी मोजून सांगतोय.

कंपन्यांवरच्या बोज्याबद्दल लोक बहुतेक वेळा सरासरी बोलतात, पण तो सगळ्यांवर सारखा पडत नाही. काजळीचा फिल्टर, युरियाची यंत्रणा, सेन्सर यांची किंमत मोठ्या आलिशान गाडीला आणि छोट्या गाडीला जवळपास सारखीच पडते. मोठ्या गाडीच्या किमतीत ती मुरते, छोट्या डिझेल गाडीचा धंदाच बसतो. भारताने 1 एप्रिल 2020 ला बीएस-5 (बीएस म्हणजे भारत स्टेज, आपले धुराचे नियम) ची पायरी गाळून थेट बीएस-6 लागू केलं, तेव्हा मारुती सुझुकीने डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. कन्व्हर्टरमधल्या धातूंचंही तसंच. ऱ्होडियम 2016 मध्ये औंसाला हजार डॉलरच्या खाली होतं, 2021 मध्ये ते 29,000 च्या आसपास गेलं. मागणी कडक नियमांमुळे वाढलेली आणि पुरवठा बहुतांशी एकट्या दक्षिण आफ्रिकेतून. यात मोठ्या कंपन्या तगतात. सुटे भाग पुरवणारा छोटा कारखानदार, ज्याने जुन्या इंजिनाच्या भागासाठी कर्ज काढून मशीन घेतलेलं असतं, तो मधल्या मध्ये अडकतो. म्हणून नियमाची तारीख चार-पाच वर्षं आधी जाहीर करावी आणि मग ती हलवू नये, असं मला मनापासून वाटतं. तारीख पुढे गेली की ज्याने वेळेत पैसे घातले तोच तोट्यात जातो, आणि पुढच्या वेळी सगळेच वाट बघत बसतात.

एक गोंधळ मात्र दूर करायला हवा. आतापर्यंत जे बोललो ते विषारी धुराबद्दल. कार्बन डायऑक्साइडचं गणित वेगळं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघणारच. तो पकडणारा फिल्टर गाडीत नसतो. कन्व्हर्टर तर कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर त्यातच करतो. तिथे उपाय दोनच, इंधन कमी जाळायचं किंवा जाळायचंच नाही. म्हणून युरोपने कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांच्या सरासरीवर मर्यादा घातली: किलोमीटरला 95 ग्रॅम, आणि वरच्या प्रत्येक ग्रॅममागे दर गाडीला 95 युरो दंड. दहा लाख गाड्या विकणारी कंपनी 10 ग्रॅमने चुकली तर 95 कोटी युरो. 2019 मध्ये तिथल्या नव्या गाड्यांची सरासरी सुमारे 122 ग्रॅम होती, 2020 मध्ये ती 108 वर आली, कारण दंडाचं वर्ष उजाडल्यावर विजेच्या गाड्या शोरूममध्ये पुढे आल्या. ज्यांना जमलं नाही त्यांनी दुसऱ्याचं श्रेय, म्हणजे मर्यादेपेक्षा कमी धूर सोडणाऱ्या कंपनीची शिल्लक सूट, विकत घेतलं. टेस्लाला 2020 मध्ये अशा श्रेयविक्रीतून 1.58 अब्ज डॉलर मिळाले. त्या वर्षीचा तिचा निव्वळ नफा त्याच्या निम्म्याहूनही कमी होता.

इथेही मोजण्यातली फट महाग पडली. प्लग-इन हायब्रिड गाड्या (इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही असलेल्या) लोक नियमित चार्ज करतील असं चाचणीत धरलं होतं. लोक करत नाहीत. युरोपीय आयोगाने गाड्यांमधलीच नोंद तपासली, तर रस्त्यावरचा कार्बन डायऑक्साइड कागदावरच्या साडेतीन पट निघाला. अमेरिकेत इंधनबचतीचे नियम ‘हलक्या ट्रक’साठी सैल ठेवले होते. एसयूव्ही त्याच वर्गात बसवता येत असल्याने कंपन्यांनी त्याच जास्त बनवल्या आणि विकल्या.

हवा सुधारायला वेळ का लागतो, हे थोडक्यात सांगतो. नियम नव्या गाडीला लागतो, रस्त्यावर मात्र पंधरा-वीस वर्षांच्या गाड्याही असतात. नवी फार महाग झाली तर लोक जुनीच आणखी ओढतात. इंधनही बदलावं लागतं. डिझेलमधलं गंधक दशलक्षाला 10 भागांपर्यंत उतरवल्याशिवाय हे फिल्टर आणि कन्व्हर्टर नीट टिकत नाहीत. ते काम तेल शुद्धीकरण कारखान्यांचं. त्या बदलाचा फायदा मात्र जुन्या गाड्यांच्या धुरातही दिसतो. तरी सरासरीचा कल स्पष्ट आहे: 1970 च्या गाडीच्या तुलनेत आजच्या नव्या गाडीतून नेहमीची विषारी प्रदूषकं सुमारे 99 टक्के कमी येतात, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते, आणि मी पडद्यावर रोज जे बघतो त्याच्याशी ते जुळतं.

सध्या आमच्याकडे ब्रेक घासून उडणाऱ्या पुडीचं काम सुरू झालंय. युरो 7 मध्ये पहिल्यांदाच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर मर्यादा आली आहे: विजेच्या गाडीला किलोमीटरला 3 मिलिग्रॅम, बहुतेक इतर गाड्यांना 7. बंद पेटीत एकच डिस्क फिरवत ठेवायची, ठरल्याप्रमाणे ब्रेक मारत राहायचे आणि शेवटी आतला फिल्टर काढून तराजूवर ठेवायचा. पहिल्या चाचणीनंतर तो काढला तेव्हा त्यावर बोट फिरवण्याआधीच करडा-काळा थर दिसत होता. ही पूड गाड्यांना ब्रेक लागले तेव्हापासून उडतेच आहे. पॅडचं मिश्रण बदललं तर ती किती घटते, हे बघायला पुढच्या आठवड्यात दुसरा संच येतोय.