एम.टेक.च्या प्रकल्पात द्राक्षाच्या पानांवरील रोग ओळखण्यासाठी कोणते मॉडेल घेतल्यास ९९ टक्के अचूकता मिळेल?

तुम्ही लिहिले आहे की प्लांटव्हिलेज या पिकांच्या पानांच्या प्रतिमासंचावर तुमचे मॉडेल, म्हणजे प्रतिमा दाखवून रोग ओळखायला शिकवलेली संगणक प्रणाली, ९७ टक्क्यांवर अडले आहे, शोधनिबंधासाठी गाईडना ९९ हवे आहेत आणि दुसरा रिव्ह्यू महिन्याभरावर आला आहे. मॉडेलचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देते. रेझनेट-५० किंवा एफिशियंटनेट-बी० यांपैकी कोणतेही आधी प्रशिक्षित केलेले मॉडेल घ्या, त्याच्या गणनेच्या थरांपैकी केवळ शेवटचा थर न शिकवता वरचे काही थरही मोकळे करा, म्हणजे नव्याने शिकू द्या, आणि लर्निंग रेट (प्रत्येक टप्प्यावर मॉडेल किती बदलते ते प्रमाण) कमी ठेवा, ९९ येतील. त्या संचात द्राक्षाच्या ४,०६२ प्रतिमा आहेत आणि तेवढ्यासाठी गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेचा मोफत जीपीयू (वेगवान गणनेची चिप) पुरतो. मात्र ते ९९ टक्के मिळाल्यावर तुमच्या हाती नेमके काय असेल, याविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. कारण २०१९ मध्ये मी याच विषयावर आणि याच प्रतिमासंचावर एम.ई.चा प्रबंध सादर केला आणि त्या प्रबंधातील एक वाक्य मला आजही बोचते.

माझे माहेर नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातले. माझ्या चुलत्यांची, म्हणजे नानांची, थॉमसन या जातीच्या द्राक्षांची दोन एकर बाग आहे आणि हा विषय मी निवडला तो त्या बागेमुळेच. गाईडनी बेस पेपर म्हणून याच संचावरचा २०१६ मधील तो प्रसिद्ध शोधनिबंध हाती दिला, जो बहुधा तुम्हालाही मिळाला असेल: ५४,३०६ प्रतिमा, १४ पिके, ३८ वर्ग (पीक आणि त्यावरील रोग किंवा निरोगी स्थिती यांच्या जोड्या) आणि ९९.३५ टक्के अचूकता. मी त्या संचातील द्राक्षाचे चार वर्ग घेतले. त्यांत ब्लॅक रॉट या रोगाच्या १,१८०, एस्का या रोगाच्या १,३८३, लीफ ब्लाइट या रोगाच्या १,०७६ आणि निरोगी पानांच्या ४२३ प्रतिमा होत्या. पहिल्या रिव्ह्यूपर्यंत माझे मॉडेल ९९ टक्क्यांच्या पुढे गेले होते, गाईड खूष होते आणि शोधनिबंधाचा मसुदा निम्मा लिहून झाला होता.

या यादीत काय नाही, हे मला तोवर दिसले नव्हते. द्राक्षाच्या गावात वाढलेल्या मुलीला ते पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते. आमच्या भागातील बागायतदाराची झोप ज्या दोन रोगांमुळे उडते, ते केवडा आणि भुरी हे दोन्ही त्या चार वर्गांत नाहीत. भुरी त्या संचात आहे. पण ती चेरीच्या आणि भोपळावर्गीय पिकाच्या पानांवर आहे, द्राक्षाच्या पानांवर नाही. त्या प्रतिमा अमेरिकेतील कृषी विद्यापीठांशी संलग्न संशोधन केंद्रांवर, पाने तोडून, साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून घेतलेल्या आहेत. त्यांच्या गरजेपुरते ते काम उत्तमच आहे. मी मात्र प्रस्तावनेत ‘महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांसाठी’ असे लिहून बसले होते.

२०१८ च्या दिवाळीच्या सुटीत मी मॉडेल फोनवर चढवून बागेत गेले. गोडी छाटणीला, म्हणजे फळधारणेसाठी केल्या जाणाऱ्या वेलींच्या छाटणीला, पस्तीस-चाळीस दिवस झाले होते, सकाळी दव पडत होते आणि आदल्या आठवड्यातील फवारणीचे पांढुरके थेंब पानांवर सुकलेले होते. नानांनी एका वेलीवरचे पान दाखवले. वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखा फिकट पिवळा डाग होता. मी फोटो काढला आणि फोनने ९६ टक्के खात्रीने ‘निरोगी’ असे सांगितले. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी ते पान देठापाशी धरून उलटे केले; खालच्या बाजूला, बरोबर त्या डागाच्या मागे, कापसासारखी पांढरी बुरशी उठली होती. “केवडा असा खालून बघायचा असतो, बाळा,” एवढेच ते म्हणाले. माझ्या मॉडेलने पानाची खालची बाजू कधी पाहिलीच नव्हती.

मी तेच पान तोडून माझ्या वहीच्या करड्या पुठ्ठ्यावर ठेवले आणि पुन्हा फोटो काढला, तेव्हा उत्तर ‘लीफ ब्लाइट’ आले. नानांच्या तळहातावर ठेवले, तेव्हा ‘एस्का’ आले. पान तेच होते आणि उजेडही तोच होता. बदलत होती ती पानाखालची वस्तू. केवड्याचा वर्गच मॉडेलजवळ नव्हता, त्यामुळे त्याने केवडा म्हणावे अशी अपेक्षा नव्हती; परंतु पानाखाली काय आहे यावरून उत्तर बदलते, याचा अर्थ मॉडेल केवळ पान पाहत नव्हते. त्यानंतर मी रोगाचे नाव सोडून दिले आणि पान निरोगी की रोगट, एवढाच प्रश्न ठेवला. नानांनी पारखून दिलेली २० निरोगी आणि २० केवड्याची पाने मी वेलीवरच टिपली. ४० पैकी १९ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही साधारण एवढीच उत्तरे बरोबर आली असती.

सुटी संपल्यावर हा सगळा प्रकार मी उत्साहाने गाईडना सांगितला. खरोखर उत्साहाने सांगितला, कारण मला वाटत होते की प्रकल्पाला आता कुठे प्रश्न सापडला आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले की हा आकडा प्रबंधात आला, तर एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणतील की प्रणाली चालतच नाही. प्रकल्प पदवीसाठी असतो, शेतकऱ्यासाठी नसतो. फार तर ‘फ्यूचर स्कोप’मध्ये, म्हणजे पुढे करण्याजोग्या कामाच्या भागात, एक ओळ टाका. मी दोन आठवडे वाद घातला. एक स्वतंत्र प्रकरण लिहून नेले, ते लाल शाईने पूर्ण खोडून परत आले. सही त्यांची लागणार होती आणि सादरीकरणाची तारीख जवळ येत होती. शेवटी मी ती ओळ लिहिली: ‘भविष्यात प्रत्यक्ष शेतातील प्रतिमांवर प्रणालीची चाचणी घेता येईल.’ चाचणी घेऊन झालेली होती. प्रबंधातील ते वाक्य खोटे आहे आणि त्याखाली माझी सही आहे.

तोंडी परीक्षेत मला एपोक (सगळ्या प्रतिमांवरून शिकवण्याच्या फेऱ्या) किती घेतले आणि बॅच साइज (एका वेळी दाखवलेल्या प्रतिमांची संख्या) किती ठेवली, एवढेच विचारले गेले. गुण चांगले मिळाले. पेढे घेऊन गावी गेले, तेव्हा नानांनी विचारले, “त्या दिवशी आपण चाळीस पाने बघितली, ते पुस्तकात लिहिलेस ना?” मी विषय बदलला.

यातील सर्वांत दुःखाची बाब मला नंतर कळली. तो बेस पेपर मी पदवी मिळाल्यानंतर पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. त्याच्या लेखकांनी स्वतःच नमूद केले आहे की प्रशिक्षणातील प्रतिमांपेक्षा वेगळ्या परिस्थितीत टिपलेल्या प्रतिमांवर त्यांच्या मॉडेलची अचूकता ३१ टक्क्यांच्या थोडी वर एवढीच राहते. ३८ वर्गांमध्ये डोळे मिटून निवड केली, तर २.६ टक्के मिळतात, तेव्हा ३१ म्हणजे शून्य नव्हे. तरीही ९९ पासून ते फार दूर आहे. म्हणजे जो आकडा लिहिल्याने प्रबंध नापास होईल अशी भीती मला घातली गेली, त्याच जातीचा आकडा त्या निबंधात उघडपणे छापलेला होता आणि त्यामुळे त्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी झाली नव्हती. आमच्या विभागात तो निबंध सगळ्यांनी सारांशापुरता वाचला होता. पुढे २०२२ मध्ये एका संशोधकाने याच संचावर एक साधा प्रयोग केला: प्रत्येक प्रतिमेच्या पार्श्वभूमीतील केवळ ८ पिक्सेल घेऊन, पानाकडे अजिबात न बघता, त्याने मॉडेल शिकवले आणि त्याला ४९ टक्के अचूकता मिळाली. वहीचा पुठ्ठा आणि नानांचा तळहात यांनी मला २०१८ मध्ये जे दाखवले होते, तेच हे होते. माझे खोडलेले प्रकरण प्रबंधात राहिले असते, तर ते बाळबोध का होईना, पण माझे स्वतःचे संशोधन ठरले असते. उरलेला प्रबंध म्हणजे दुसऱ्यांच्या प्रतिमांवर दुसऱ्यांचे मॉडेल चालवल्याचा अहवाल आहे.

म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते: ९७ चे ९९ करण्यात एक महिना घालवणे म्हणजे महिना वाया घालवणे आहे. ते काम जगभरातील असंख्य विद्यार्थ्यांनी करून ठेवले आहे आणि त्यातून कोणालाही नवे काही समजणार नाही. ९७ वर थांबा आणि तोच महिना दोन गोष्टींना द्या. पहिली म्हणजे प्रतिमांची विभागणी. त्या संचात एकाच पानाचे अनेक फोटो आहेत. तुम्ही प्रतिमा सरसकट पिसून ८०-२० अशा वाटल्या असतील, तर त्याच पानाचा एक फोटो शिकवण्यात आणि दुसरा परीक्षेत गेलेला असणार. विभागणी पानानुसार करा आणि आकडा किती उतरतो ते लिहा. निरोगी पाने केवळ ४२३, म्हणजे दहांपैकी एक, असल्यामुळे एकूण अचूकतेसोबत प्रत्येक वर्गाचा रिकॉलही, म्हणजे त्या वर्गातील किती प्रतिमा मॉडेलने बरोबर ओळखल्या ते प्रमाणही, द्या. दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरची परीक्षा. आयआयटी गांधीनगरमध्ये तयार झालेला प्लांटडॉक हा २,५९८ प्रतिमांचा संच इंटरनेटवरील, नैसर्गिक पार्श्वभूमीच्या छायाचित्रांतून जमवलेला आहे. त्यातही द्राक्षाचा केवडा नाही, पण निरोगी पान आणि ब्लॅक रॉट आहेत, तेवढ्यावर मॉडेल तपासून पाहा. आणि बागेत जा. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, किमान दोन वेगळे फोन वापरा, फवारणी कधी झाली ते टिपून ठेवा आणि रोगाचे नाव स्वतः ठरवू नका; पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, जवळपास कृषी विज्ञान केंद्र असेल, तेथील तज्ज्ञांकडून ते पक्के करून घ्या.

गाईड नाही म्हणतील, हे मी गृहीत धरते. त्यांच्यासमोर बेस पेपरमधील ते ३१ टक्क्यांचे पान उघडून ठेवा आणि विचारा की मूळ लेखकांनी जे लिहिले, ते आपण का लिहू नये. मला हा प्रश्न त्या वेळी विचारता आला नाही, कारण मी ते पान वाचलेच नव्हते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीमुळे प्रबंधातील शब्दांचे साम्य १० टक्क्यांच्या आत आहे की नाही, हे आता सॉफ्टवेअरने तपासले जाते. मात्र हाती आलेला आकडा विद्यार्थ्याने गाळला, तर तो कोणत्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही. तो फक्त तुम्हाला आणि तुमच्या गाईडना ठाऊक असतो.

काही गोष्टी मात्र न्यायाने सांगितल्या पाहिजेत. एका बागेतील, एका फोनने टिपलेली ४० पाने हा पुरावा म्हणून फार तोकडा आहे, आणि गाईडनी तेवढाच आक्षेप घेतला असता, तर तो मी मान्य करून दोनशे पाने आणली असती. आज मी स्वतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते आणि तासिका, परीक्षा व मूल्यांकनाची कागदपत्रे यांतून प्रत्येकाच्या प्रयोगाकडे बघायला किती कमी वेळ उरतो, हे मला आता कळते. माझ्या गाईडच्या मनात दुष्टपणा नव्हता. मी वेळेत उत्तीर्ण व्हावे, हीच त्यांची इच्छा होती. तुम्ही नोकरी सांभाळून शिकत असाल किंवा शुल्काचे कर्ज डोक्यावर असेल, तर सहीसाठी अडून बसा असे मी म्हणणार नाही. तशी वेळ आलीच, तर शेतातील निष्कर्षांचा तक्ता निदान परिशिष्टात टाका आणि ‘फ्यूचर स्कोप’मध्ये झालेल्या गोष्टीला होणारी गोष्ट म्हणू नका.

तुम्ही नाशिक परिसरात असाल, तर मला निरोप पाठवा. नाना आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण सकाळी बागेत असतातच. गोडी छाटणीनंतर पहिल्या दीड-दोन महिन्यांत, दव असताना, आठच्या आत पोहोचा आणि सोबत दोन फोन आणा.