वारंवार होणारं यीस्ट इन्फेक्शन प्रोपोलिसने बरं होतं का? किती थेंब, किती दिवस?

तुम्ही लिहिलंय की वर्षभरात चौथ्यांदा खाज आणि अंगावरून पांढरं जाणं सुरू झालंय, गोळ्यांचा कंटाळा आलाय, आणि प्रोपोलिसच्या (मधमाश्या झाडांच्या चिकापासून पोळ्यात करतात त्या चिकट पदार्थाच्या) अर्काभोवती बुरशी मेल्याचा प्रयोगशाळेतल्या एका प्लेटचा फोटो तुम्ही पाहिलात. थेंबांचं नंतर बघू. आधी त्या प्लेटबद्दल बोलते, कारण तशी प्लेट मी स्वतःच्या हातांनी केली आहे आणि तिच्यावरून झालेला वाद अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

एम.एस्सी.ला माझा प्रोजेक्टच हा होता, कँडिडा अल्बिकन्सवर, म्हणजे यीस्ट इन्फेक्शन करणाऱ्या बुरशीवर, प्रोपोलिसचा परिणाम. मधमाशीपालकाने पेटीतल्या फ्रेमच्या कडांवरून खरवडून दिलेला तपकिरी गोळा होता. हातात धरला की बोटांना असा चिकटायचा की साबणाने निघायचा नाही. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला की ठिसूळ व्हायचा, मग खलात कुटायचा. ७० टक्के अल्कोहोलमध्ये आठवडाभर अंधारात ठेवून, रोज हलवून, शेवटी गाळून अर्क काढला. प्लेटवर कँडिडा पसरली, प्लेटवरच्या अगारमध्ये (बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या थरात) ६ मिलिमीटरची भोकं पाडली, अर्क भरला आणि प्लेट ३७ अंशांना २४ तास ठेवली. दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाच्या त्या वाढीत भोकाभोवती स्वच्छ गोल वर्तुळ. पट्टी लावली, १७ मिलिमीटर. किती आनंद झाला होता!

मग एका भोकात नुसतं ७० टक्के अल्कोहोल भरून पाहिलं. १३ मिलिमीटर.

सर म्हणाले, अल्कोहोल उडून जातं, ही प्लेट अहवालात नको. मी विचारलं, उडून जातं तर हे वर्तुळ कशाचं? त्याला उत्तर मिळालं नाही. प्लेट वगळली गेली आणि व्हायवाला माझ्या १७ मिलिमीटरचं कौतुक झालं. ते कौतुक मला आजही बोचतं.

प्रोजेक्ट संपल्यावर मी थांबून तेच पुन्हा केलं. अर्कातलं अल्कोहोल पूर्ण उडवलं, उरलेला चिकट गर डीएमएसओ नावाच्या दुसऱ्या द्रावकात विरघळवला आणि शेजारी नुसत्या डीएमएसओचं भोक ठेवलं. नुसत्या डीएमएसओभोवती काही नाही, प्रोपोलिसभोवती वर्तुळ होतं. आधीपेक्षा लहान, पण होतं. नळ्यांमध्येही करून पाहिलं. तिथे वेगळीच पंचाईत. प्रोपोलिस पाण्यात पडलं की दुधाळ होतं, त्यामुळे नळी गढूळ दिसते ती बुरशीने की प्रोपोलिसने, हे डोळ्यांना कळत नाही. प्रत्येक नळीतला थेंब पुन्हा प्लेटवर टाकून बघावा लागला. जास्त प्रमाणाच्या नळ्यांतून काहीच उगवलं नाही.

म्हणजे प्रोपोलिस कँडिडाला मारतं, हे मी ठामपणे सांगते. त्यातले पिनोसेम्ब्रिन, गॅलँगिन यांसारखे फ्लेव्होनॉइड (वनस्पतींतली रसायनं) पेशीच्या आवरणाला इजा करतात आणि कँडिडा जे लांब तंतू काढून ऊतीत शिरते, त्या तंतूंनाही अटकाव होतो. पण हे सगळं प्लेटवर आणि नळीत. शिवाय प्रोपोलिस हे काही एकच औषध नाही. मधमाश्या जवळ जे झाड असेल त्याचा चीक आणतात. युरोपात मुख्यतः पॉपलरच्या कळ्यांचा, तर ब्राझीलमधलं हिरवं प्रोपोलिस बॅकारिस नावाच्या झुडपाचं, त्यात आर्टेपिलिन-सी नावाचं रसायन असतं. दोन बाटल्यांवर एकच नाव असलं तरी आत वेगवेगळा माल असू शकतो. मग थेंब कशाचे मोजायचे?

माणसांवरचा त्यातल्या त्यात बरा पुरावा तोंडातल्या कँडिडाचा आहे. कवळीखाली हिरड्या आणि टाळू लाल होतात त्यावर छोट्या चाचण्यांमध्ये प्रोपोलिसचं जेल मायकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या जेलच्या जवळपास उतरलं. योनीमार्गासाठी अल्कोहोलमधला अर्क वापरायचा नाही. आधीच सोललेल्या जागी अल्कोहोल गेलं की आग होते. त्यात प्रोपोलिस हे त्वचेच्या ॲलर्जीचं चांगलंच माहीत असलेलं कारण आहे, मधमाशीपालकांच्या हातांवर त्याने इसब उठतं. ॲलर्जी झाली तर काय होईल? खाज आणि लाली. तुम्हाला वाटेल इन्फेक्शन वाढलं, आणि तुम्ही आणखी थेंब टाकाल.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न चौथ्यांदा का, हा आहे. आणि तो स्वॅबशिवाय, म्हणजे योनीमार्गातला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन तपासल्याशिवाय, सुटणार नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीचं औषध घेणाऱ्या ९५ बायकांना तपासलं, तर फक्त कँडिडाच असलेल्या जेमतेम एक तृतीयांश निघाल्या. बऱ्याच जणींना जिवाणूंचा त्रास होता. तुमचाही तोच असेल तर गोळ्याही फुकट आणि प्रोपोलिसही फुकट. कँडिडाच निघाली तर कुठली, हेही विचारा. ग्लॅब्राटा ही जात फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या गोळीला सहज दाद देत नाही, क्रुसेई तर मुळातच देत नाही. अल्बिकन्स असेल तर फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, सहा महिने, असा ठरलेला उपचार आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि तो फोटो ज्यांनी टाकलाय त्यांना एवढंच विचारा की नुसत्या अल्कोहोलचं वर्तुळ किती मिलिमीटरचं होतं. मी सरांना विचारलं तेव्हा चूक माझी नव्हती. तुम्ही विचाराल तेव्हा तुमचीही नसेल.

राहिलंच. गरोदर असाल तर फ्लुकोनाझोलची गोळी स्वतःहून घेऊ नका, तेव्हा आतून लावायची औषधंच देतात. आणि रक्तातली साखर तपासलेली नसेल तर स्वॅबच्याच दिवशी तीही तपासून घ्या, विशेषतः अलीकडे अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड झालेलं नसताना हे पुन्हा पुन्हा होत असेल तर.