नाताळानंतर रिकामं वाटतंय, पाचारण संपलं का?

पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम.

चार गावांच्या कॅरल पार्ट्या, प्रत्येक गावात वेगळी उपासना, मधेच दोन अंत्यविधी, 31 तारखेला वॉच नाईट, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीची उपासना. आणि आता शास्त्र उघडलं तरी काही सुचत नाही, नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी निम्मी बाकं रिकामी होती, असं तुम्ही लिहिलंत. पाचारणच, म्हणजे सेवेसाठी देवाने दिलेली हाकच, संपलं की काय, ही भीतीही मांडलीत. मी बरीच वर्षं खेड्यातल्या मंडळ्या सांभाळल्या आहेत, म्हणून ठामपणे सांगतो: हा थकवा आहे. त्याला अविश्वास म्हणू नका.

आधी त्या बाकांचं. 25 तारखेला चर्चमध्ये उभं राहायला जागा नसते, कारण पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली लेकरं आईवडिलांकडे आलेली असतात. दोन तारखेला ती एसटीत बसतात. तुमच्या संदेशाचा त्याच्याशी काही संबंध नाही. उरलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्या रविवारी घर खायला उठलेलं असतं. तुमची खरी मंडळी तीच. त्यांच्यासाठी साधा पंधरा मिनिटांचा संदेश पुष्कळ झाला.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रेषित सेवा करून परततात. लोकांची ये-जा इतकी की त्यांना जेवायलाही सवड नाही. येशू त्यांना एकांती विसाव्याला चला म्हणतो, पण लोक आधीच तिथे पोहोचतात आणि विसावा मोडतो. आपलं अगदी हेच होतं. पण पुढचं वाचा. पाच हजारांना जेवू घातल्यावर तो शिष्यांना आग्रहाने मचव्यात बसवून पुढे पाठवतो, लोकांना स्वतः निरोप देतो आणि प्रार्थनेला डोंगरावर जातो. गरजू लोक तेव्हाही संपले नव्हते. तरी त्याने निरोप दिला. तुम्हालाही तेवढी मुभा आहे.

आता जानेवारीतला प्रार्थना सप्ताह. लुधियानाच्या मिशनऱ्यांनी 1858 मध्ये जगभरच्या मंडळ्यांना आवाहन केलं आणि 1860 च्या जानेवारीत तो पाळला गेला. आवाहन एकत्र प्रार्थना करण्याचं होतं. रोज पाळकानेच प्रवचन केलं पाहिजे, ही सवय आपण लावून घेतली. वडील मंडळी, महिला मंडळ, तरुण संघ यांना एकेक संध्याकाळ द्या. अडखळत का होईना, ते चालवतील, आणि त्यांचाही विश्वास त्यातून वाढेल.

लंडनचे प्रसिद्ध प्रवचनकार स्पर्जन हजारोंपुढे बोलायचे, पण संधिवात आणि खोल उदासीनतेने ते वारंवार खचत. हिवाळ्यात ते फ्रान्समधल्या मेंतोंला विश्रांतीला जात. 31 जानेवारी 1892 ला तिथेच ते वारले. त्या खचण्याने त्यांचं पाचारण संपलं नाही.

पाळकीणबाईंनाही विचारा. दारात आलेल्या प्रत्येक कॅरल पार्टीचा चहा आणि करंज्या त्यांच्याच हातच्या होत्या. त्यांना चार दिवस माहेरी जायचं असेल तर सोबत जा.

झोप लागत नसेल, मन आठवडेच्या आठवडे काळोखात असेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर थांबू नका. डॉक्टरांकडे जा. बिशपसाहेबांनाही सांगा, त्यात लाज नाही.

आणि लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, आधी शेजारच्या पाळकांशी एका रविवारची अदलाबदल करा. ते तुमच्याकडे, तुम्ही त्यांच्याकडे. दोघांनीही जुनाच संदेश न्यायचा. आज संध्याकाळीच त्यांना फोन करा, तेही बहुधा तुमच्याइतकेच दमलेले असतील.