डावीकडे जाणारा छर्रा आणि ‘विकलेला माल परत नाही’

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एका वाचकांनी मुलीच्या सरावासाठी पुण्यातील एका दुकानातून मोडनळीची (बिजागरीवर नळी खाली मोडून छर्रा भरायची) स्प्रिंग एअर रायफल 14,500 रुपयांना घेतली. वॉरंटी एक वर्षाची आहे. दुकानानेच बसवून दिलेल्या स्कोपमधून (नेमाच्या दुर्बिणीतून) नेम धरला, की 10 मीटरवर छर्रा सुमारे 7 सेंटिमीटर डावीकडे लागतो आणि स्कोपची नेम जुळवायची फिरकी शेवटपर्यंत फिरवूनही तो मध्यावर येत नाही. रायफलच्या साध्या साइटने मात्र नेम ठीक लागतो. दुकानदार म्हणतात, ‘रायफल चांगली आहे, स्कोप तुम्ही हलवला असेल, शिवाय गावातल्या मिस्त्रीने बिजागरीचा बोल्ट आवळल्यामुळे वॉरंटी संपली आणि बिलावर विकलेला माल परत घेत नाही असे छापलेच आहे.’ आता मिस्त्री नळीला बाक देऊन सरळ करतो म्हणतो. काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, मिस्त्रीला थांबवा. आज तुमच्याकडे असलेला सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे ती रायफल आहे त्या स्थितीत, आणि नळीला एकदा बाक दिला की दोष कारखान्यातून आला की मिस्त्रीच्या हातून, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही. शिवाय त्याने प्रश्न सुटेल याचीही खात्री नाही, कारण नळी वाकवून स्कोपचा नेम जुळला तरी साध्या साइटचा बिघडू शकतो.

दुकानदारांचा पहिला मुद्दा, म्हणजे साध्या साइटने नेम लागतो म्हणून रायफल निर्दोष, ऐकायला पटणारा आहे. पण तो चुकीचा आहे आणि तुमचे प्रकरण याच मुद्द्यावर उभे राहील. बहुतेक मोडनळीच्या रायफलींत पुढची आणि मागची या दोन्ही साइट नळीवरच असतात, तर स्कोप मागच्या सिलिंडरवरील (स्प्रिंग असलेल्या नळकांड्यावरील) खाचांवर बसतो. नळी सिलिंडरशी तिरकी बसली, तर दोन्ही साइट तिच्याबरोबरच तिरक्या होतात आणि त्यांच्यापुरता नेम बरोबर लागतो. स्कोप मात्र सिलिंडरच्या दिशेने पाहत असतो, म्हणून फरक त्याच्यातून दिसतो. तुमची मागची साइट खरोखर नळीवर आहे का, हे आधी पाहून घ्या. तसे असेल, तर दुकानदार ज्याला रायफलीच्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणतात, ते नळी व सिलिंडर एका रेषेत नसल्याचे लक्षण ठरू शकते.

तरीही स्कोप आणि त्याचे माउंट (तो रायफलीवर धरून ठेवणारी कडी) यांना आधी वगळावे लागेल, कारण ग्राहक आयोगासमोर दुकानदारांचे वकील हाच प्रश्न विचारतील. स्कोपच्या फिरक्या मध्यावर आणून पाच छर्रे मारा. मग स्कोप कड्यांमध्ये अर्धा फेरा फिरवून, म्हणजे वरची बाजू खाली करून, पुन्हा पाच मारा. दोष स्कोपच्या आत असेल तर छर्रे उजवीकडे जातील आणि नळीचा किंवा माउंटचा असेल तर डावीकडेच राहतील. त्यानंतर माउंटचे प्रत्येक कडे आपल्याच जागी उलट दिशेने बसवून, म्हणजे त्याचे पुढचे तोंड मागे करून, किंवा माउंट अखंड असेल तर दुसरे माउंट लावून, हाच प्रयोग करा. एवढ्यानेही छर्रे डावीकडेच राहिले, तर दोष रायफलीत आहे असे म्हणायला भक्कम आधार मिळेल. हेच 20 मीटरवर करून पाहा. 7 सेंटिमीटरचे सुमारे 14 झाले, तर हा कोनाचा फरक आहे हे कागदावरच दिसेल. फिरकीच्या पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एका क्लिकने 10 मीटरवर छर्रा जेमतेम 0.7 मिलिमीटर सरकतो. म्हणजे 7 सेंटिमीटरसाठी सुमारे 96 क्लिक लागतात, आणि तुमची फिरकी का संपली याचे उत्तर बहुधा यातच आहे.

पाचही छर्रे एकमेकांजवळ लागतात का, तेही पाहा. ते घट्ट गटात लागत असतील, तर नळी दर वेळी त्याच जागी येऊन बसते, फक्त चुकीच्या कोनात. अशा वेळी झीज, ढिला बोल्ट किंवा दबलेले ब्रीच सील (नळीच्या मागच्या तोंडावरची हवाबंद चकती) यांपेक्षा बिजागरीच्या भोकाच्या वा खाचेच्या यंत्रकामातील चूक संभवते. छर्रे विखुरत असतील, तर मात्र बोल्ट आणि सील यांच्याकडे संशय जाईल आणि मिस्त्रीने आवळलेला बोल्ट तुमच्याविरुद्ध वापरला जाईल. त्याने हात लावण्यापूर्वीचा एखादा टार्गेट-कागद किंवा मोबाइलमधील फोटो जपून ठेवला असेल आणि त्यातही फरक तेवढाच दिसत असेल, तर त्याचे मोल फार आहे.

‘नळी उघडी असताना चाप ओढला असेल’ हा आरोपही होईल, कारण हा प्रकार वारंवार घडतो. त्यात नळी झटक्याने वर आदळते आणि वरच्या दिशेला वाकते, म्हणून छर्रा वर जातो. पुष्कळदा दस्त्यालाही चीर पडते. तुमचा छर्रा डावीकडे जातो आणि दस्ता शाबूत असेल, तर बिजागरीजवळच्या दस्त्याचे जवळून फोटो आजच काढून ठेवा. मुलीकडून कधी तसे झाले असेल, तर मला आणि आयोगालाही खरे सांगा. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर आली की बाकीचा पुरावाही फिका पडतो. चाचण्या करताना डोळ्यांना चष्मा असू द्या आणि ताणलेल्या नळीजवळ बोट नेऊ नका.

आता कायदा. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(10) प्रमाणे गुणवत्ता किंवा दर्जातील कोणतीही उणीव ‘दोष’ ठरते, आणि हा दर्जा केवळ कायद्याने ठरवलेला नसतो, तर करारात उघड वा गृहीत असलेला, किंवा विक्रेत्याने सांगितलेलाही असतो. रायफल स्कोप बसवण्यासाठी योग्य म्हणून विकली असेल आणि स्कोप दुकानानेच बसवला असेल, तर ती स्कोपने नेम धरण्याजोगी असणे अपेक्षितच आहे. डबा, माहितीपत्रक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट यांतील ते वाक्य शोधून ठेवा. येथे एक सावधगिरी सांगतो. छर्रा थोडा खाली लागणे मोडनळीच्या रायफलींत सामान्यपणे आढळते आणि तेवढ्यावरून दोष सिद्ध करणे अवघड असते. बाजूला 7 सेंटिमीटर जाणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणून तक्रारीत डावीकडच्या फरकावरच भर द्या.

बिलावरच्या छापील ओळीला घाबरू नका. बिलात ठरवलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर 30 दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीच कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बोल्ट आवळल्याने वॉरंटी संपते की नाही, हे वॉरंटीच्या कागदावरील शब्दांवर ठरेल. परंतु मूळ दोषाचा त्या बोल्टशी संबंध नाही हे दिसले, तर ती सबब माझ्या मते टिकू नये.

आता दुकानदार आणि उत्पादक या दोघांनाही नोटीस पाठवा. ती स्पीड पोस्टाने, पोहोच पावतीसह जावी आणि तीत रायफलीचा अनुक्रमांक, बिलाची तारीख, चाचणीचे आकडे आणि पंधरा दिवसांत रायफल बदलून देण्याची किंवा पैसे परत करण्याची मागणी असावी. दुकानदार स्वतःच्या खर्चाने डावी-उजवी जुळणी करता येणारे माउंट बसवून, तुमच्यासमोर दोन्ही अंतरांवर छर्रे मारून दाखवायला तयार असतील, तर मी तुम्हाला तो तोडगा स्वीकारायला सांगेन, मात्र तो लेखी हवा.

उत्तर न आल्यास सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येईल. कलम 34 नुसार तक्रारदार राहतो तेथेही तक्रार चालते, त्यामुळे पुण्याच्या फेऱ्या नकोत, आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या किमतीसाठी शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कलम 38 खाली आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्याचे शुल्क तुम्हाला भरावे लागू शकते. तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या. त्याखेरीज मुलीच्या प्रशिक्षकांचे, त्यांनी स्वतः रायफल चालवून पाहिल्यानंतरचे प्रतिज्ञापत्र जोडा.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. ‘जोरदार स्प्रिंग टाकली की नेम सुधारतो’ असे कोणी सुचवील, पण तिने कोन तसूभरही बदलत नाही आणि ताकद मात्र वाढते. शस्त्र नियम, 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास) आणि 20 ज्यूल ऊर्जा यांपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ती मर्यादा ओलांडली, तर ग्राहकाच्या तक्रारीऐवजी तुमच्यावरच फौजदारी प्रसंग ओढवेल.

दुकानदारांनी तपासणीसाठी रायफल मागितली, तर ती अनुक्रमांक, स्कोपची फिरकी कोठे आहे आणि दस्त्याची स्थिती यांची सहीशिक्क्याची पोच घेतल्याशिवाय देऊ नका, आणि मूळ टार्गेट-कागद तिच्यासोबत पाठवू नका.