सरवा वेचणाऱ्या तिघी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

फ्रेंच चित्रकार ज्याँ-फ्रान्स्वा मिलेच्या ‘द ग्लीनर्स’, म्हणजे ‘सरवा वेचणाऱ्या बायका’, या चित्रावरचं तुझं टिपण वाचलं. पहिल्याच ओळीत ‘दारिद्र्याचं विदारक चित्रण’ आलंय. इतकी घाई करू नकोस. आधी त्या बायकांजवळ जाऊन उभं राहा.

डोक्याला निळं फडकं बांधलेली डावीकडची बाई बघ. एक हात जमिनीकडे, दुसरा पाठीवर, आणि त्या मागच्या हातात वेचलेल्या ओंब्यांची जुडी. माझी आजी भुईमुगाचा सरवा, म्हणजे काढणीनंतर शेतात राहिलेल्या शेंगा, वेचायला जायची. तासन्‌तास वाकलेल्या माणसाचा एक हात आपसूक कमरेवर जातो, हे मी तिच्याकडे बघून शिकलो. मिले नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः शेतात राबलेला. तो हात त्याने कल्पनेतून काढलेला नाही.

तू या बायकांना ‘कापणी करणाऱ्या’ म्हटलंस, तिथे सगळा अर्थच निसटला. कापणी झालीय. या सरवा वेचताहेत. मालकाचं पीक पूर्ण उचलल्यावर, तेही उजेड असेतोवर, मागे पडलेले दाणे गोरगरिबांनी वेचावेत अशी फ्रान्समधली जुनी रीत होती. आता मागे बघ: उन्हात न्हालेल्या गंजी, भरलेली गाडी, उजवीकडे घोड्यावरचा मुकादम. सुगी तिकडे, तिघी इकडे सावलीत.

चित्र काही अवाढव्य नाही, उंची जेमतेम 84 सेंटिमीटर. पण 1857 च्या पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, ते लागलं तेव्हा अनेक टीकाकार बिथरले. फ्रान्समध्ये राजसत्ता उलथवणारी 1848 ची क्रांती होऊन नऊच वर्षं झाली होती. हातात साधा कोयताही नसलेल्या या बायकांत त्यांना बंड दिसलं. मिले स्वतःला समाजवादी म्हणवून घ्यायला तयार नव्हता. तरीही त्या टीकाकारांची नजर मला अगदीच चुकीची वाटत नाही. देवादिकांना मिळणारी जागा आणि वजन त्याने या तिघींना दिलं होतं, ते त्यांना बरोबर कळलं.

आता एक कर. चित्राची छापील प्रत घे आणि क्षितिजाच्या जरा खालपर्यंतचा वरचा भाग कागदाने झाक. गंजी, गाडी, मुकादम सगळं जाईल. तिघींकडे पाच मिनिटं बघ. मग कागद काढ. तुझ्या डोळ्यांपुढे काय बदललं ते ‘दारिद्र्य’ हा शब्द न वापरता लिहून पाठव. मी वाट बघतोय.