दारातून आत जा

अगं, तुझा मेल काल दोनदा वाचला. "लायडारमध्ये सगळं दिसतंय, मग साईटवर जाऊन वेगळं काय मिळणार काका?" राग नाही आला, धस्स झालं. तीस वर्षांपूर्वी हेच मी बोललोय.

क्वेनेंग तुला स्क्रीनवर मिळालं हे भाग्यच. जोहान्सबर्गच्या दक्षिणेला झुडपांखाली दडलेलं दहा किलोमीटर लांबीचं, तिथल्या त्स्वाना लोकांचं जुनं शहर, आठशेच्या आसपास वाडे, पुरातत्त्वज्ञ करीम सद्र आणि विट्स विद्यापीठाच्या मंडळींनी लायडारने, म्हणजे विमानातून लेझर सोडून, उघडं केलं. आमच्याकडे हवाई फोटो होते फक्त. दगडी भिंतीचा गोल दिसला की मी 'गुरांचं वाडगं' लिहून मोकळा. गाडी होती, रविवार होते, गेलो नाही. शेवटी गेलो तेव्हा भिंत गुडघ्याएवढी दिसली म्हणून सरळ ओलांडून आत. सोबतचे म्हातारे त्स्वाना गृहस्थ बाहेरच थांबले, मग भिंतीच्या कडेकडेने पार वळसा घालून दाराची जागा शोधली आणि तिथून आत आले. काही बोलले नाहीत.

मीही मग बाहेर जाऊन पुन्हा दारातून आलो, आणि तेव्हा कळलं की दाराशीच राखेचा ढीग आहे, गुरं मधोमध, आणि भिंतीला बाहेर आलेला एकेक फुगवटा म्हणजे एकेका घराचं परसदार. म्हणजे मी वाडगी लिहिलेल्या कितीतरी गोलांत माणसं राहत होती गं!

दारातून आत जा. वरून बघून चालत नाही, इथे तर अजिबातच नाही. १८२० मध्ये कॅम्पबेल मिशनरी कादित्श्वेने या दुसऱ्या त्स्वाना शहरात गेला, त्याने वस्ती १६ ते २० हजार धरली, तेव्हाच्या केप टाऊनच्या तोडीची. काही वर्षांत लढायांत ते ओस पडलं आणि पुढे शाळेत पोरांना शिकवलं काय, तर गोरे आले तेव्हा जमीन रिकामीच होती म्हणे! आणि तू विचारतेस जाऊन काय मिळणार?

चिडलो, सोड. माझे नकाशे अगदीच वाया गेले नाहीत, आम्ही नोंदी ठेवल्या म्हणून पुढच्यांना कुठे बघायचं ते तरी कळलं, भिंती त्यात जागच्या जागी आहेत. दारं तेवढी नाहीत.

तू रविवारी जा. सकाळीच नीघ, उन्हाळ्यात दुपारी तिकडे विजा पडतात. लॅपटॉप घरी ठेव. एकच वाडा घे, दार सापडेपर्यंत भिंत ओलांडू नकोस, आणि सापडलं की तिथूनच मला फोन कर.